होम हलवताना

इस्त्रीसाठी तिने बोर्डातली एक पिन उपसली आणि टेबलावरच्या काळ्या डबीचा निळा दिवा विझला.

इस्त्री हातातच राहिली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सकाळपासून फायलींची नावं सरसर वर सरकत होती, ती जागच्या जागी थांबली. खाली लाल अक्षरांत एक ओळ उमटली. तिला त्यातलं काही कळलं नाही. पण लाल अक्षरं चांगली बातमी सांगायला येत नाहीत, एवढं कळत होतं.

टेबल मुलीचं होतं. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी, नुकतीच कॉलेजात गेलेली. दोन वर्षं ती मातीच्या एका गोगलगायीची फिल्म करत होती. गोगलगाय केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. त्या फोटोंनी जुनी डिस्क गच्च भरली होती आणि फिल्मचा शेवट काही केल्या सेव्ह होईना. फिल्म उद्या स्पर्धेला पाठवायची होती. म्हणून आज सगळा पसारा नव्या, मोठ्या डिस्कवर हलवायचं चाललं होतं. ती नवी डिस्क म्हणजेच ती काळी डबी.

"कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकाचं एक 'होम' असतं," सकाळी चहा घेताना मुलीने समजावलं होतं. "आपलं जे काही असेल ते त्याच्यात. ते नव्या डिस्कवर न्यायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, की आता घर इथे आहे. तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला माझा काही त्रास होणार नाही."

मुलगी नेहमी अशीच बोलायची. नीट, गोड, अदबीने. लग्नाला वर्ष होत आलं, पण तिच्या तोंडून एक वाकडा शब्द आला नव्हता. शेजारणी हेवा करायच्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, दिवसभर लोकांच्या कुरबुरी ऐकून तो घरी यायचा आणि म्हणायचा, "तू नशीब काढलंस." तीही हो म्हणायची. पोहण्याच्या तलावावर ती शिकवायची, तेव्हा तिचा आवाज पलीकडच्या काठावर आदळून परत यायचा. घरात मात्र ती कपाटाचं दारसुद्धा पाहुण्यासारखं हळूच लावायची.

आता मुलगी गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत पडला होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. तिने पिन परत खोचली. निळा दिवा लागला, पण नावं हलेनात. गप्प बसता आलं असतं. डबी आपोआप बंद पडली, असंच मुलीला वाटलं असतं. पण ती इस्त्री खाली ठेवून गॅलरीत गेली.

"तुझी डिस्क बंद पडली," ती म्हणाली. "मी पिन काढली. न बघता."

मुलीने फोन खुर्चीवर टाकला आणि धावत सुटली. पडद्यावरची लाल ओळ वाचताना तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, काय हे. बघून तरी काढायचीस ना. सगळ्या घरात तुला हीच एक पिन दिसली? दोन वर्षं घासतेय मी. काही झालं असतं तर काय करणार होतीस तू? आणि आता झालंच असेल तर?"

आवाज इतका चढला, की नवरा चष्मा कपाळावर तसाच ठेवून बाहेर आला. मुलीची बोटं कीबोर्डवर पळत होती आणि तोंड थांबत नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, ते नवऱ्याने पाहिलं.

मग मुलगी पडद्याकडे बघत राहिली आणि खुर्चीत मागे रेलली.

"आहे," ती म्हणाली. "जुन्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं आहे. मी नुसतं कॉपी करत होते. पुसणार नंतर होते. घाबरून विसरलेच मी."

तिने काहीतरी टाइप केलं. नावं पुन्हा पळू लागली. आधी गेलेलं सोडून फक्त उरलेलंच जाणार होतं.

दिवस कलता कलता कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. नव्या डिस्कवर सगळं जिथल्या तिथे होतं, आणि जागाही भरपूर.

"ये ना, इथे बस," मुलीने तिला जवळ ओढलं. "नीट बघ हं." एका खुर्चीवर दोघी कशाबशा मावल्या. गोगलगाय डुलत डुलत भिंत चढली आणि पलीकडे उतरली. शेवट सेव्ह झाला. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, दोघी हसत सुटल्या.

नंतर स्वयंपाकघरात तो हळूच तिच्याजवळ आला. "दुपारचं मनाला लावून घेऊ नकोस. रडलीस ना तू? मी बोलतो तिच्याशी. मोठ्यांशी असं बोलतात का?"

"खबरदार तिला काही बोललास तर," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा ती मला 'अगं' म्हणाली."