तिसावे घर

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी वस्तीच्या सभागृहात आली, तेव्हा नगरपालिकेचे इंजिनिअर येरोवी मेजावर करवही उघडून बसलेले होते. आठ दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. सभागृहाच्या मागील भिंतीपलीकडे घळ होती आणि तिच्या तळाशी ओढ्याचा अखंड घोष चालला होता.

पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात वस्तीच्या धोक्याच्या भोंग्यासाठी तरतूद ठेवायची की नाही, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता. नियम स्पष्ट होता. करवहीत तीस घरे असतील, तर भोंग्याचा खर्च नगरपालिका करील. एक जरी उणे पडले, तर भोंगा उतरवून दुसऱ्या वस्तीला दिला जाईल.

"एकोणतीस," इंजिनिअर म्हणाले. "तिसावं घर तीन वर्षांपूर्वी दरडीबरोबर घळीत गेलं. लेओनिदास तोआपांता. घरमालकासकट गेलं."

"वहीत नाव आहे ना त्यांचं?" वस्तीच्या अध्यक्षा सोइलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे घर घळीच्या काठावरचे, आणि घरात चार नातवंडे. "कर भरलेला आहे ना? मग घर मोजा."

"नसलेल्या घराचा कर भरतं कोण?"

"आम्ही. वर्गणी काढून. दर जानेवारीला, सवलत असते तेव्हा. भोंगा राहावा म्हणून."

मागच्या बाकावरून बसचालक सेगुंदो म्हणाला, "साहेब, जिवंतपणी लेओनिदासकाकांनी एकदाही वेळेवर भरला नाही. गेल्यावर वस्तीनं वळण लावलं त्यांना."

लोक हसले. सोइलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी शालीच्या आतून एक पावती काढली आणि मेजावर ठेवली.

"यंदाचा मात्र आम्ही भरलेला नाही. मी पैसे घेऊन खिडकीशी गेले, तर आतली बाई म्हणाली, भरलाय की, पहिल्याच दिवशी. ही नक्कल दिली तिनं. कोणी भरला म्हणून दहा महिने विचारतेय सगळ्यांना. कोणी हो म्हणत नाही."

पावतीच्या कडेला वाळलेल्या मातीचा डाग होता. इंजिनिअरांनी तो नखाने खरवडला. तो निघाला नाही.

"असेल कोणी पुण्यवान," ते म्हणाले. "पण बाई, कर म्हणजे घर नव्हे. हजेरी घ्या. जेवढे आवाज होतील, तेवढी घरं मी लिहितो."

हजेरीची तेथील रीत अशी होती. दरड कोसळल्यानंतरच्या महिन्यात भोंगा बसला, तेव्हाच प्रत्येक घराला क्रमांक घातलेले एक बटण मिळाले होते. लेओनिदास तोआपांतांच्या नावाचे बटण घळीच्या काठी त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या क्रुसापाशी मातीत पुरले गेले. वस्तीने तेवढा मान त्यांना दिला होता. संकट दिसले की बटण दाबून धरायचे. मग भोंगा थांबत नसे आणि सारी वस्ती घराबाहेर पडे. सभेच्या आरंभी मात्र ते क्षणभरच दाबायचे आणि मेजावर आणून ठेवायचे. छपरावर एक आखूड आवाज होई, भिंतीवरच्या क्रमांकांच्या फळीत त्या घराचा दिवा लागून विझे, आणि ते घर हजर आहे असे मानले जाई.

एकेक जण उठला. एकेक दिवा लागला. सोइलाबाईंनी आपले बटण शेवटी ठेवले. मेजावर एकोणतीस बटणे ओळीने मांडली गेली, आणि छपरावर शांतता पसरली.

"झालं?" इंजिनिअरांनी विचारले.

सोइलाबाई फळीकडे पाहत होत्या.

इंजिनिअरांनी लेखणी उचलली आणि तिसाव्या नावावर रेघ ओढावयास आरंभ केला. रेघ नावाच्या मध्यापर्यंत गेली असेल नसेल, तोच फळीतला शेवटचा दिवा लागला आणि भोंगा वाजू लागला.

"कोणाकडे आहे ते बटण?" इंजिनिअर कडाडले. "काढा बाहेर. मला फसवता काय?"

लोकांनी हात वर केले. सर्वांचे तळवे रिते होते.

"लेओनिदास सभेला नेहमी उशिराच यायचे," सोइलाबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात भय नव्हते. दाराशी थांबलेल्या माणसाला आत या म्हणावे, तशा त्या बोलल्या. "आले एकदाचे. मोजा, साहेब. तीस."

मग त्या आवाज थांबण्याची वाट पाहू लागल्या. आवाज थांबला नाही. हजेरीचा आखूड नाद तो नव्हताच. सोइलाबाईंच्या मुखावरचे समाधान हळूहळू विरत गेले.

"उठा," त्या म्हणाल्या. "पोरांना उचला. पुढच्या दारानं, चौकाकडे. वाटेत जी दारं लागतील ती ठोठावा."

सेगुंदोने आपल्या वृद्ध आईला पाठीवर घेतले. बाके सरकली, पावले वाजली, आणि पाहता पाहता सभागृह रिकामे झाले. इंजिनिअर तेवढे जागीच राहिले.

"पावसानं तारेत बिघाड झाला असेल," ते म्हणाले.

सोइलाबाई उंबरठ्यावर थांबल्या.

"साहेब, लेओनिदासना सावध करायला त्या वेळी कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि लोकांमागोमाग गेल्या.

इंजिनिअरांनी लेखणी वहीशेजारी ठेवली आणि ते फळीकडे गेले. एकोणतीस दिवे विझले होते, तिसावा जळत होता. मागे काही वाजले म्हणून ते वळले. लेखणी मेजावरून घरंगळून खाली पडली होती. सपाट फरशीवर ती थांबली नाही. मागील भिंतीच्या दिशेने संथपणे जातच राहिली, आणि तिच्यामागून, एकामागून एक, मेजावरची बटणे निघाली.