शॉवरचं बटन

शॉवरच्या गिझरचं ते पडणारं बटन काढून टाकायलाच करावे गावच्या मालतीबाईंनी वायरमन दिपेशला बोलावलं होतं. नवऱ्याने, धर्मराजने, वारायच्या महिनाभर आधी ते हट्टाने बसवलं होतं, वर मीटरपासून चार एमएमची वेगळी जाड वायर ओढली होती. आता शॉवर सुरू केला की बटन खट्कन पडायचं, पाणी गार व्हायचं आणि मालतीबाई ओल्या अंगाने धर्मराजच्या नावाने बोटं मोडायच्या.

दिपेशने तपासलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काकी, गिझरमधून पाण्यात करंट उतरतोय. गिझर आजच बदलू, पण बटनाला हात लावू नका. करंट उतरला की ते लाईट तोडतं. ते नसतं तर तुम्ही नसता. किती वेळा पडलं?"

"रोजच पडतं रे."

मालतीबाई मोरीच्या दाराला टेकल्या. वीस वर्षं धर्मराज याच दाराबाहेरून ओरडायचा, "मालती, आधी गिझर बंद कर, मंग पानी घे!" त्या रोज विसरायच्या आणि तोच येऊन बंद करायचा.



"म्हंजे आजून तेच बंद करतात," त्या पुटपुटल्या.