भांडायला जागा

"जरा हळू," नवरा म्हणाला, आणि बायको भर चौकात थांबली.

मागे बुटांचं दुकान होतं, समोर ट्रामचा थांबा. परक्या देशातला त्यांचा हा तिसरा दिवस. ती एवढंच म्हणाली होती, की या दुकानावरून आपण दोनदा गेलो, आता कुणाला तरी रस्ता विचारा. विचारायचा कसा, हा प्रश्नच होता. इथल्या लोकांना यांची भाषा कळत नव्हती आणि यांना इथल्या पाट्यासुद्धा वाचता येत नव्हत्या. पण म्हणून हळू कशाला बोलायचं?

या 'हळू'ची हकीकत अशी. घर तीन खोल्यांचं, माणसं सात. भिंतींना कान असतात म्हणतात. या घरात भिंतींना तोंडही होतं. रात्री खोलीत काही बोललं, की सकाळी चहाबरोबर सासूबाई त्यावर आपलं मत द्यायच्या. म्हणून लग्न झाल्यापासून ही दोघं न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून भांडत. तेही पाणी यायच्या वेळेतच. बादली भरली की भांडण संपलं. एरवी ती भांडी आपटायची आणि तो वर्तमानपत्रात तोंड खुपसायचा. नणंद मात्र शहाणी. तिने सहलीची तिकिटं काढून हातात ठेवली आणि म्हणाली, एकदा तरी दोघंच कुठेतरी जा. तर हॉटेलात पाऊल टाकल्या टाकल्या, टॉवेल कुठल्या बॅगेत आहे हे विचारायला या गृहस्थाने आधी नळ सोडला.

बायकोने मनाशी वेगळंच पक्कं केलं होतं. ती रक्त तपासायचं शिकलेली. मागच्या वर्षी तिच्या माहेरच्या गावातल्या प्रयोगशाळेने नोकरीसाठी फोन केला. तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. सासऱ्यांनी तो उचलला, आमच्या सुनेला नोकरी करायची नाही असं परस्पर सांगितलं आणि ठेवूनही दिला. नवरा समोर बसला होता. त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. आता प्रयोगशाळेतून पुन्हा विचारणा झाली, तेव्हा फोन तिच्या हातात होता आणि ती हो म्हणाली. परतताना विमानतळावर तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता. ती तिथूनच माहेरी जाणार होती, कायमची. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सहल संपेपर्यंत सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नणंदेच्या हौसेवर पाणी कशाला फिरवा.

"का हळू?" तिने विचारलं. आवाज इतका मोठा निघाला की तिचा तिलाच नवा वाटला. तिने आजूबाजूला पाहिलं. लोक येत होते, जात होते, आणि कुणालाही ओ की ठो कळत नव्हतं.

मग काय, आठ वर्षांचं साठलेलं. सासूबाईंच्या चहापासून सुरुवात झाली, जावेच्या टोमण्यांवरून घसरत घसरत प्रकरण त्या फोनवर आलं. नवरा आधी ओशाळून इकडेतिकडे बघत राहिला. मग त्याचाही बांध फुटला. मला वाटलं तुलाच नको आहे ती नोकरी, तो ओरडला, तू एका शब्दाने बोलली नाहीस. कुठे बोलणार होते, ती म्हणाली, त्या दिवशी पाणी आलं नव्हतं.

यावर कदाचित दोघांनाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात पोलीस आला.

तरुण होता, उंचापुरा. त्याने तिला सौम्यपणे काहीतरी विचारलं आणि नवऱ्याकडे बोट केलं. हा माणूस त्रास देतोय का, एवढं कुठल्याही भाषेत कळतं. तिने नाही म्हणून मान हलवली. मग त्याने तळहात खाली दाबल्यासारखा केला. म्हणजे आवाज कमी. आणि ती गप्प झाली. पर्सचा पट्टा मुठीत धरून खाली बघत उभी राहिली. नवऱ्याने ते पाहिलं. घरी ती अशी कितीदा उभी राहिली असेल, पण तिथे मध्ये वर्तमानपत्र असायचं.

हा माणूस गणवेशाला फार भिणारा. हेल्मेट घातलेलं असलं, सगळी कागदपत्रं खिशात असली, तरी हवालदार दिसला की गल्ली बदलणारा. तो पुढे झाला आणि पोलीस व बायको यांच्या मध्ये उभा राहिला.

"साहेब, तिचं बोलून होऊ द्या," तो चक्क मराठीत म्हणाला. "मला ऐकायचंय."

पोलिसाला काय उमगलं देव जाणे. त्याने खांदे उडवले आणि तो ट्रामच्या थांब्याशी जाऊन उभा राहिला.

आता बोल, नवरा म्हणाला. पण ओरडायची गरजच उरली नव्हती. बाकावर बसून तिने साध्या आवाजात सगळं सांगितलं. नोकरी, रुजू व्हायची तारीख, विमानतळ, भाऊ. सांगता सांगता तिला रडू फुटलं. तिला घर सोडायचं होतं, हा माणूस नव्हता सोडायचा, आणि हे तिला आत्ता बोलतानाच कळत होतं.

तो रुळांकडे बघत बसला. वडील काय म्हणतील ते त्याला तोंडपाठ होतं. त्यांच्या ज्या रंगाच्या दुकानात तो बसायचा, ते तिच्या माहेरापासून बसने तासाभरावर, रोजची ये-जा आली. शेजारी घरजावई म्हणतील. मित्र तर जन्मभर म्हणतील. एक ट्राम आली, माणसं उतरली, ती निघूनही गेली.

"तुझ्या भावाला फोन कर," तो म्हणाला, इतक्या मोठ्याने की पोलिसाने वळून पाहिलं. "म्हणावं, मोठी गाडी आण. माझीही बॅग आहे."