लाल पाटी

‘जादा करंटमुळे सुरक्षा रिलेने मोटर दोनदा बंद पाडली, तर ती अर्धा तास थंड होऊ द्यावी. तिसऱ्यांदा बटण दाबणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे.’

कारखान्यातल्या मालाच्या लिफ्टच्या बटणाशेजारी ही लाल पाटी लिहिणारे इलेक्ट्रिशियन मास्तर निवृत्तीच्या दिवशी, स्वतःच्याच निरोप समारंभाला जाताना, त्याच लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधोमध अडकले. वरच्या हॉलमध्ये त्यांची बायको आली होती, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कारखान्यात. ‘आज तरी वेळेवर येतो,’ असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

“मास्तर, सुरू होतानाच मोटर फार करंट खेचतेय,” खालून लिफ्टच्या ऑपरेटरबाई ओरडल्या. “रिलेने दोनदा बंद पाडली.”

“मग दाबा की पुन्हा बटण!”

“तिसऱ्यांदा? मागे दाबलं, तेव्हा चार माणसांत माझी बिनपाण्याने हजामत केलीत.”

“अहो, आज माझं ऐका!”

“तुमचंच तर ऐकतेय.”

मास्तरांनी दारावर मूठ आपटली. तेवढ्यात वरून माइकचा आवाज घुमत खाली आला. बायको बोलत होती.



“त्यांची नका वाट बघू. बसले असतील कुठल्यातरी मोटरीच्या उशाशी.”