मांडीएवढी मुळं

परसातलं झाड मास्तरांच्या लग्नाआधीच तोडलं होतं. पण त्याची मुळं आत मांडीएवढी जाड आहेत, तिथे चर खणणं माणसाचं काम नाही, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. त्यामुळे मोरीला पाइप कधी बसलाच नाही आणि भांडी धुतलेलं पाणी तेहतीस वर्षं मास्तरीणबाई बादलीने मागच्या गटारात नेऊन ओतत राहिल्या.

परवा भरलेली बादली उंबऱ्यातच कलंडली. मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जरा बघून चालावं माणसानं."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी शेजारून पहार आणली आणि तडक परस गाठलं.

"अगं, वेड लागलंय का? हात मोडून घेशील! मुळं आहेत तिथे!" मास्तर खुर्चीतूनच ओरडले.

"असू देत. एकदा तोंड तरी बघते त्यांचं."

पहिल्याच घावाला पहार वीतभर आत गेली. मुळं होती, नाही असं नाही. पण केव्हाच कुजून त्यांचा भुसा झाला होता. नुसत्या हाताने ओढली तरी तुकडे पडत होते. जेवणवेळेपर्यंत चर गटाराला जाऊन भिडलासुद्धा.

मास्तर काठाशी येऊन चरात डोकावले.



बाईंनी कपाळावरचा घाम पुसला, पण पहार काही खाली ठेवली नाही. "अहो, या तेहतीस वर्षांत आणखी काय काय जमणार नाही म्हणाला होतात, तेवढं आठवून सांगा. अख्खी दुपार पडलीय अजून."