पंख्याखालचा बाक

"मेलेल्या माणसांच्या सनावळ्या पाठ करून काय मिळणार, सर?" असं ऋजुताने सोमवारी भर वर्गात विचारलं होतं. बोंगाळे सर नुसते मिशीत हसले.

मंगळवारी सर आले, तेव्हा पंख्याखालच्या बाकावरून ती आणि समीना हमरीतुमरीवर आल्या होत्या. "जूनमध्ये बाक आमचा होता. गणपतीच्या सुट्टीनंतर तुम्ही घुसलात. दिवाळीआधी आठवड्याआड बसायचं ठरलं, तेही तुम्हीच मोडलंत!" ऋजुताने एका दमात सगळं ऐकवलं.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'बाकाची लढाई: कारणे व परिणाम.' मग खडूचे हात झटकत त्यांनी विचारलं, "पुरावा?"

"आहे ना! बाकाखाली माझ्या ताईचं नाव कोरलंय."

पोरींनी बाक उलटा केला. ताईचं नाव खरंच होतं. ऋजुताची मान ताठ झाली. पण शेजारीच कर्कटकाने कोरलेली पुसट अक्षरं समीनाने मोठ्याने वाचली, "व. ना. बोंगाळे, आठवी ब."

बाक सरळ करून सर त्यावर ऐसपैस बसले. "मग बाक माझाच की!"

"असं कसं?" ऋजुता उसळली. "आधी सन दाखवा, सर!"

आणि तिने जीभ चावली.