बारा आठवड्यांचं उत्तर

“नळाने एक टाकी चार तासांत भरते, तर तीन टाक्या भरायला किती वेळ लागेल?” तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी चौथीच्या वर्गाला विचारलं.

रोशनी उठली. “बारा आठवडे, साहेब. आमच्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, तेही तासभर.” मुलांनी माना डोलावल्या. साहेबांना मात्र तो आगाऊपणा वाटला. ‘वर्गाला शिस्त नाही’ असा शेरा मारून ते गेले आणि वर्गशिक्षिका खैरनारबाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला.

मुख्याध्यापकांनी माफीनामा तयारच ठेवला होता. “नुसती सही करा, बाई. साहेबांच्या वाकड्यात कशाला शिरता? घरापासून किती लांब टाकतील, सांगता येत नाही.”

बाईंनी तो वाचला. पहिलीत रोशनी वर्षभर तोंड उघडत नव्हती. तिला बोलतं करायला बाई रोज तिच्या शेजारी खिचडी खायला बसत. आता तेच चुकलं म्हणून लिहून द्यायचं? त्यांनी कागद परत केला आणि दुसऱ्यावर लिहिलं, ‘मुलीचं उत्तर बरोबर आहे. पुस्तकातलं गणित तिने गावातल्या पाण्याशी ताडून पाहिलं. मी हेच शिकवते आणि पुढेही शिकवीन.’

जूनमध्ये बाई ऐंशी किलोमीटरवरच्या नव्या शाळेत हजर झाल्या. पहिल्या तासाला म्हणाल्या, “आज मी काही विचारणार नाही. तुम्ही मला विचारायचं.”

सगळा वर्ग खाली मान घालून बसला. बाईंनी खडू टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि त्या वाट पाहत बसल्या.